पाटी बदलली, गोळीची भोके राहिली

औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाल्यापासून डब्लिनमधल्या आमच्या मराठी घरांतही जेवणानंतर तोच वाद रंगतो. गुलामीच्या खुणा पुसा, असे एक बाजू म्हणते. इतिहास पुसू नका, असे दुसरी. मी बहुधा गप्प बसतो आणि दुसऱ्या दिवशी ओकॉनेल स्ट्रीटवरून कामाला जाताना मनातल्या मनात दोघांनाही उत्तरे देतो.

एका इंग्रज राजप्रतिनिधीच्या नावावरून हा रस्ता सॅकव्हिल स्ट्रीट म्हणवला जाई. नगरपालिकेने १८८४ मध्येच नाव बदलायचे ठरवले, पण रस्त्यावरचेच लोक कोर्टात जाऊन मनाई हुकूम घेऊन आले. नवे नाव अधिकृत व्हायला १९२४ उजाडले. त्याआधी १८८२ मध्ये आयरिश नेता डॅनियल ओकॉनेलचा पुतळा तिथे उभा राहिला होता (अनावरणाची तारीख, योगायोगाने, १५ ऑगस्ट). ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावात याच रस्त्यावरच्या जनरल पोस्ट ऑफिसपाशी उठावाचा नेता पॅट्रिक पिअर्सने प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला आणि आठवडाभरात तोफांनी निम्मा रस्ता बेचिराख केला. पुतळ्याच्या चौथऱ्याशी पंख असलेल्या चार ब्राँझच्या स्त्रिया बसल्या आहेत. त्यांतल्या एकीच्या छातीत गोळीचे भोक आहे. पुतळ्याची डागडुजी झाली, पण ते भोक कोणी बुजवलेले नाही.

याचा अर्थ इथले सगळे शहाणे, असा मुळीच नाही. १८०९ पासून रस्त्याच्या मधोमध उभा असलेला ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा स्तंभ हटवावा की नाही, यावर पिढ्यान् पिढ्या नुसताच काथ्याकूट झाला आणि ८ मार्च १९६६ च्या पहाटे तो निकाल बॉम्बने लावला. उरलेला बुंधा सहा दिवसांनी लष्कराने उडवला. त्या जागी २००३ मध्ये १२० मीटर उंचीची पोलादी सुई आली, जी मला आजही कोणाचीच वाटत नाही. नेल्सनचे दगडी डोके मात्र पिअर्स स्ट्रीटवरच्या ग्रंथालयात जपून ठेवले आहे, म्हणजे नेल्सन आता पिअर्सच्या नावाच्या रस्त्यावर राहतो!

याच बाबतीत मुंबई मला अधिक समंजस वाटते. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्ये राणीच्या बागेत हलवला, पण जागेला लोक काळा घोडाच म्हणत राहिले आणि २०१७ मध्ये तिथे स्वार नसलेला नवा घोडा आला.