पहिलं पाऊल कुठे पडतं : वेअरवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि जुने आकडे पुन्हा काढून बसलो. उत्तर लांबलंय. तुमचा एक मुद्दा मला पूर्ण मान्य करावा लागतोय, दोन अजिबात पटत नाहीत, आणि तिन्ही एकमेकांत इतके गुंतलेत की दोन ओळींत भागत नाही.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकन फुटबॉलवरच्या मागच्या लेखात मी लिहिलं होतं की २०१३ मध्ये डॅलस काउबॉइजनी ३-४ बचाव (पुढे तीन लाइनमन, म्हणजे अंगाने भिडणारे धिप्पाड खेळाडू, आणि त्यांच्यामागे चार लाइनबॅकर) सोडून ४-३ (चार लाइनमन, तीन लाइनबॅकर) धरला आणि डीमार्कस वेअरसारखा पास रशर, म्हणजे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा, त्यात वाया गेला. तुम्ही म्हणता, वेअरला दुखापतीने मारलं, पद्धतीने नाही. हल्ली निम्म्याहून जास्त वेळ संघ निकेलमध्येच (पाच डिफेन्सिव्ह बॅक, म्हणजे पास अडवणारे मागचे खेळाडू, घेऊन) उभे असतात, त्यामुळे तीन लाइनमन की चार हा वाद कागदावरचा आहे. आणि जातिवंत रशर कुठेही उभा केला तरी क्वार्टरबॅकपर्यंत पोचतोच. चँडलर जोन्स बघा.

आधी चूक कबूल करतो. त्या वर्षी वेअरच्या मांडीचा स्नायू दुखावला होता, कोपर दुखत होतं, आणि कारकिर्दीत पहिल्यांदाच त्याचे सामने बुडाले. १३ सामन्यांत ६ सॅक (पास सुटण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं). दुसऱ्या बाजूचा अँथनी स्पेन्सर, आदल्या मोसमात ११ सॅक करणारा, गुडघ्यामुळे एकच सामना खेळू शकला, त्यामुळे समोरच्या संघाला वेअरवर दोन-दोन माणसं टाकायला मोकळीक मिळाली. हे सगळं मी एका अर्ध्या वाक्यात उरकलं होतं, ते चुकलंच. शिवाय एक भगदाड तुम्ही दाखवलंही नाहीत, ते मला काल रात्री दिसलं. २०१४ मध्ये वेअर डेन्व्हरला गेला. तिथे बचावाचे कोच जॅक डेल रिओंची पद्धतही ४-३ च होती आणि त्यात त्याने १० सॅक नोंदवले. म्हणजे ‘४-३ ने वेअर संपवला’ हे माझं वाक्य उभं राहत नाही. मूळ लेखातून ते मी काढून टाकलंय.

पण म्हणून पद्धतीने काही फरक पडत नाही, असं तुम्ही म्हणता तिथे मी थांबतो. कारण त्याच संघात, त्याच वर्षी, त्याच बदलाने दुसऱ्या एका माणसाचं आयुष्य उजळलं. जेसन हॅचर. तोही वेअरसारखाच ३१ वर्षांचा, एकाच महिन्यात जन्मलेले दोघे. आधीचे बचावाचे कोच रॉब रायन यांच्या ३-४ मध्ये हॅचर एंड, म्हणजे रांगेच्या टोकाचा लाइनमन, होता. तिथल्या एंडचं काम हमालीचं: समोरचा धिप्पाड टॅकल (क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या रांगेतला कडेचा खेळाडू) अंगावर घ्या, त्याला धरून ठेवा, दोन्ही बाजूंच्या फटींवर नजर ठेवा, आणि बाहेरून धावणाऱ्या लाइनबॅकरला रस्ता मोकळा करून द्या. २०१२ मध्ये त्याच्या नावावर ४ सॅक. मग बचावाचे नवे कोच माँटी किफिन आले, त्यांनी त्याला आत सरकवून गार्डच्या (टॅकलच्या आतल्या बाजूच्या खेळाडूच्या) बाहेरच्या खांद्यावर उभं केलं आणि एकच फट दिली. बॉल हलला की त्या फटीतून सुसाट आत शिरायचं, बाकी विचार करायचा नाही. २०१३ मध्ये ११ सॅक, प्रो बोल या मानाच्या सामन्यासाठी निवड. वाढतं वय तेच, शरीर तेच, आजूबाजूचा बचाव तर समोरच्याला दिलेल्या यार्डांच्या हिशेबात अख्ख्या लीगमध्ये शेवटचा. पुढच्या वर्षी तो वॉशिंग्टनला गेला, तिथे पुन्हा ३-४, आणि आकडा ५.५ वर आला. दुखापतीने वेअरची घसरण समजते, पण हॅचरची झेप तिने समजत नाही.

आता निकेल. तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पाच डिफेन्सिव्ह बॅक मैदानात आले की ३-४ वाला संघ पुढे दोनच मोठे लाइनमन ठेवतो आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना लाइनबॅकर उभे करतो. ४-३ वाला चारही लाइनमन ठेवतो. स्टँडमधून पाहिलं तर दोन्हीकडे चार जण क्वार्टरबॅकच्या रोखाने निघाल्यासारखे दिसतात. पण टोकाच्या माणसाच्या जागी उभे राहून बघा. त्याचा हात जमिनीवर आहे की तो उभा आहे? त्याने फक्त बॉल बघायचा की टॅकलच्या खांद्यावरून मागचा रनिंग बॅकही, म्हणजे बॉल घेऊन पळणाराही, वाचायचा? आतला जोडीदार त्याच्यासाठी वाट करणार की स्वतःच आत घुसणार? आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, दर वेळी जायचंच आहे की मधूनच मागे सरकून पासची वाट अडवायची आहे? क्वार्टरबॅक बॉल हातात घेऊन अडीच-पावणेतीन सेकंद असतो. त्यातलं पहिलं पाऊल टाकताना मनात ‘जाऊ की थांबू’ आलं, की तिथेच खेळ संपला.

हे मला टीव्हीवरून कळलं नाही, घरी कळलं. आम्ही डॅलसच्या उपनगरात राहतो आणि धाकटा हायस्कूलच्या संघात खेळतो. दोन वर्षं तो एंड होता, उजवा हात गवतात रुतवून वाकणारा. बोटांच्या पेरांत हिरवं इतकं मुरलेलं असायचं की जेवायला बसला की त्याची आई आधी हात बघायची. यंदा नवे कोच आले आणि त्यांनी त्याला उभं केलं. तोच मुलगा, तीच धाव, पण पहिले तीन आठवडे तो टॅकलपर्यंत उशिराच पोचत होता. मी फोनवर व्हिडिओ काढायचो आणि रात्री दोघं एकेक फ्रेम पुढे सरकवून बघायचो. वाकलेला असताना सगळा भार पुढच्या हातावर असायचा, म्हणून बॉल हलताच शरीर आपोआप पुढे पडायचं. उभं राहिल्यावर भार टाचांवर गेला. त्यामुळे स्नॅप झाला (बॉल मागे देऊन खेळ सुरू झाला) की आधी मागचा पाय आणखी मागे पडायचा, जोर घ्यायला, आणि मग तो पुढे निघायचा. सेकंदाला ६० फ्रेमच्या त्या व्हिडिओत हे फुकटचं पाऊल ११-१२ फ्रेम खायचं, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. कोचनी ओरडाआरडा केली नाही. त्यांनी एक टॉवेल घडी करून त्याच्या मागच्या टाचेच्या जेमतेम चार बोटं मागे ठेवला आणि सांगितलं, स्नॅपला याला पाय लागता कामा नये. पहिल्या दिवशी दहापैकी आठदा लागला. पोरगा घरी येऊन रडवेला झाला होता, आपला वेग गेला म्हणून. वेग कुठेच गेला नव्हता.

लीगमधल्या माणसाला टॉवेल लागणार नाही, हे मलाही कळतं. पण सवयीचं गणित तेच असतं, फक्त तिथे ती पंधरा-वीस वर्षांची मुरलेली असते.

म्हणूनच मला वाटतं की या चर्चेत वेअरपेक्षा मारिओ विल्यम्स जास्त शिकवतो. २००६ मध्ये ह्यूस्टनने पहिल्या क्रमांकावर निवडलेला, साडेसहा फुटी, ४-३ मधला एंड. २०११ मध्ये बचावाचे कोच वेड फिलिप्सनी त्याला उभं करून लाइनबॅकर बनवलं. सगळ्यांनी डोकं धरलं, आणि त्याने ५ सामन्यांत ५ सॅक केले. मग छातीचा स्नायू फाटला आणि मोसम संपला. तुमच्या बाजूचा पुरावा, घ्या. पुढे बफेलोत २०१३ मध्ये माइक पेटीनच्या हाताखाली १३ सॅक, २०१४ मध्ये जिम श्वॉर्ट्झच्या ४-३ मध्ये १४.५. श्वॉर्ट्झची तऱ्हा साधी होती: टोकाचे दोघे, टॅकलच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या टाइट एंडच्याही बाहेर, लांब उभे करायचे आणि सरळ क्वार्टरबॅककडे सोडायचे. त्या वर्षी बफेलोचे एकूण ५४ सॅक झाले.

मग २०१५ मध्ये मुख्य कोच म्हणून रेक्स रायन आले. गुंतागुंतीचे ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर ज्यादा माणसं सोडणं), कोण जाणार आणि कोण मागे राहणार हे शेवटपर्यंत झाकलेलं. विल्यम्सला मधूनमधून पासच्या कव्हरेजमध्ये मागे पाठवायला लागले आणि त्याने उघडपणे नाराजी बोलून दाखवली. मोसमाअखेर त्याचे ५ सॅक. दुसऱ्या टोकाच्या जेरी ह्यूजचेही जवळजवळ १० वरून ५. संघाचे ५४ वरून २१. आतला लाइनमन काइल विल्यम्स सहा सामन्यांनंतर जायबंदी झाला, हे मी या वेळी विसरणार नाही, पण एका माणसाच्या गुडघ्याने ३३ सॅक जात नाहीत.

गंमत अशी की पेटीन हे रेक्सच्याच तालमीत तयार झालेले, जेट्समध्ये त्यांचेच डिफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटर होते. घराणं तेच, तरी एकाकडे १३ आणि दुसऱ्याकडे ५. तेव्हा ‘३-४ की ४-३’ ही पाटी फारशी उपयोगाची नाही, हे तुमचं म्हणणं मी इथे उचलून धरतो. फक्त त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष उलटा आहे. पाटी खोटी असली तरी त्या पाटीखाली माणसाला रोज दिलेलं काम खरं असतं, आणि रशर बदलतो किंवा मोडतो तो त्या कामाने.

आता चँडलर जोन्स. ॲरिझोनात २०१७ मध्ये ३-४ खाली १७ सॅक, लीगमध्ये पहिला. २०१८ मध्ये नवे कोच स्टीव्ह विल्क्सनी ४-३ आणलं, १३. २०१९ मध्ये पुन्हा ३-४, १९. तुम्ही म्हणता, बघा, कुठेही चालतो. चालतो, खरंच, आणि १३ सॅक हा कुठल्याही रशरला मिरवण्यासारखा आकडा आहे. पण जोन्सचं भांडवल त्याच्या सुरुवातीच्या उसळीत नाही. त्याचे हात ३५ इंचांहून लांब आहेत. टॅकलचा पंजा त्याच्या छातीला लागण्याआधी त्याचा हात टॅकलच्या मनगटावर किंवा कोपरावर पोचलेला असतो, मग तो वाकून निघालेला असो की उभा. हे कौशल्य त्याच्याबरोबर कुठेही जातं. ड्वाइट फ्रीनीचं तसं नव्हतं. तो बुटका, जमिनीला चिकटून सुटणारा. त्याचा प्रसिद्ध स्पिन (गर्रकन फिरून आत शिरणं) टॅकलला आधी बाहेर धावायला लावून मगच साधायचा, आणि टॅकल बाहेर धावायचा तो फ्रीनीच्या पहिल्या दोन पावलांच्या भीतीने. इंडियानापोलिसने २०१२ मध्ये नवे कोच चक पगानोंबरोबर ३-४ कडे वळायला सुरुवात केली. त्याला उभं केलं आणि वर पहिल्याच सामन्यात घोटा दुखावला. ५ सॅकवर मोसम संपला आणि नंतर क्लबने त्याला जाऊ दिलं.

त्याच संघातला, जवळजवळ तितकीच वर्षं हात जमिनीवर टेकवून खेळलेला रॉबर्ट मॅथिस मात्र राहिला. त्या पहिल्या वर्षी त्याचे ८ सॅक. दुसऱ्या वर्षी १९.५, सगळ्या लीगमध्ये पहिला, वयाच्या बत्तिशीत. तुम्ही लिहिलंयत की ‘जुळवून घ्यायला वेळ लागतो’ ही कोचेसची पळवाट आहे. मॅथिसचे हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून पुन्हा एकदा बघा, एवढीच विनंती. फ्रीनीला ते दुसरं वर्ष तिथे मिळालंच नाही, आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं.

तुम्ही शेवटी विचारलंय की हे सगळं सामान्य प्रेक्षकाला टीव्हीवर दिसतं तरी का. दिसतं, पण बॉलवरची नजर काढावी लागते. सुपर बोल ५०, म्हणजे लीगचा अंतिम सामना, परत लावा, डेन्व्हर विरुद्ध कॅरोलिना. वेड फिलिप्स डेन्व्हरला आलेले, ज्यांच्या हाताखाली वेअरने डॅलसमध्ये २००८ साली २० सॅक केले होते तेच. पुन्हा ३-४, एका टोकाला व्हॉन मिलर, दुसऱ्या टोकाला ३३ वर्षांचा वेअर. त्या रात्री मिलरचे अडीच सॅक गाजले, वेअरच्या दोनांची फार चर्चा झाली नाही. प्रत्येक स्नॅपच्या आधी पडद्याच्या कडेला वेअरच्या मागच्या पायाची टाच बघा, आणि बॉल हलल्यावर तो पाय कुठे पडतो ते बघा. मग मला लिहा.