स्टार मोजून झाले असतील तर खालचा आकडा पण वाचा

फ्रीज नाहीतर एसी घ्यायला गेलं की सेल्समन सुरुवातच करतो "फाईव्ह स्टार आहे सर, बिलाचं टेन्शनच नाही" आणि आपण लगेच ईएमआयवर येतो. २००६ ला बीईईने (वीजबचतीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) हे स्टार लेबल आणलं त्यामुळे लोक विजेचा विचार करायला लागले हे शंभर टक्के मान्य, पण त्याच लेबलवर वर्षाला किती युनिट जळणार ते छापलेलं असतं ते कोणी वाचतच नाही आणि मला खरंच त्याचा त्रास होतो.

कारण स्टार त्या त्या प्रकारात आणि साईझमध्ये मिळतात. मोठा फाईव्ह स्टार फ्रीज छोट्या थ्री स्टारपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. विंडो आणि स्प्लिट एसीचे निकषही वेगळे. वर दर काही वर्षांनी निकष कडक होतात, म्हणून ते स्टार कोणत्या वर्षांसाठी दिलेत तो लेबलवरचा कालावधी पण बघा.

आता पुण्याचं बोलू. एसीच्या लेबलवरचे युनिट वर्षाला १६०० तास धरून काढलेले असतात, म्हणजे रोज आठ तास असे २०० दिवस! पुण्यात कितीशा घरात एवढा चालतो? मार्चअखेर ते मे, तोही रात्रीचा, पाऊस सुरू झाला की बंद. अशा घरात फाईव्ह स्टारचे जास्तीचे पैसे वसूल व्हायला खूप वर्षं जातात, थ्री स्टार इन्व्हर्टर पुरतो. (वर्क फ्रॉम होमवाल्यांनी मात्र फाईव्ह स्टारच घ्यावा, त्यांचा दिवसभर सुरू असतो.)

पैसे घालायचेत तर फ्रीजमध्ये घाला, तो चोवीस तास चालू. आणि पंखे! २०२३ पासून पंख्याला पण स्टार लेबल सक्तीचं आहे पण पंखा घेताना ते विचारणारं माणूस मला अजून भेटलं नाही. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) साधारण ३०, दिवसाला १२ तास धरा, एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात, चार पंख्यांचे ६४, आणि महावितरणच्या बिलात ते वाचतात वरच्या महागड्या स्लॅबमधले.

सगळ्यात वाईट वाटतं ते वाकड, हिंजवडी, खराडीला भाड्याने राहणाऱ्यांचं. फर्निश्ड फ्लॅटमधला फ्रीज, एसी, गीझर घरमालक स्वस्तात बघून घेतो आणि बिल भरतो भाडेकरू, तिथे लेबल कोणासाठी लावलंय? फ्लॅट बघायला जाल तेव्हा पार्किंग आणि पाण्यासोबत लेबल पण बघा, आणि आकडा जास्त असेल तर ॲग्रीमेंटच्या आधीच भाडं कमी करायला सांगा.