पाठांतर संपलं की पोरगी गप्प

साताऱ्यात राजवाड्याच्या चौपाटीपासून दहा पावलांवर आमचा कट्टा. संध्याकाळी सातनंतर तिथं चार-पाच जण हमखास सापडतात. परवा दादा आला तो चहाही न सांगता बसला. त्याची लेक सातवीत आहे. १५ ऑगस्टला शाळेत तिचं भाषण होतं. 'सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो' असं म्हणून निघाली, मंगल पांडेपर्यंत न थांबता आली आणि तिथं अडकली. पुढचं वाक्य आठवेना म्हणून पुन्हा 'सन्माननीय व्यासपीठ'पासून सुरू केलं. पुन्हा तिथंच अडकली. तिसऱ्यांदा बाईंनीच टाळ्या वाजवून तिला खाली बसवलं. घरी येऊन दप्तर पाठीवर तसंच ठेवून उशीत तोंड खुपसून पडली, जेवायलाही उठली नाही.

"मी क्लास लावतोय तिला," दादा म्हणाला. "वक्तृत्व, नेतृत्वगुण, व्यक्तिमत्त्व विकास, सगळं एकातच. दोन महिन्यांचे आठ हजार. पैशाचं काय नाही, पण पोरीनं असं घाबरायला नको."

मास्तर लगेच सरसावले. ते जावळीकडं झेडपीच्या शाळेत शिकवतात. "क्लासवाला काय करणार? जुनं पाठांतर काढून नवीन देणार. हात कुठं वर करायचा, आवाज कुठं चढवायचा, शेर कुठं टाकायचा. अरे, पोरगी मंगल पांडेवर का अडली? कारण ते वाक्य तिचं नव्हतंच. तिला माहीतच नव्हतं तो माणूस पुढं काय करतो."

मला ते एकदम पटलं, कारण मी त्यातनंच गेलोय. नववी-दहावीत मी तालुक्याच्या सगळ्या वक्तृत्व स्पर्धा मारायचो. हुंडाबंदीवर सरांनी लिहून दिलेलं भाषण मी अकरा ठिकाणी केलं, त्यात एकदाही शब्द चुकला नाही. मग बारावीनंतर हॉस्टेलला गेलो. तिथं उन्हाळ्यात तीन दिवस पाणी नव्हतं. सगळी पोरं रेक्टरच्या खोलीपुढं जमली आणि मला पुढं ढकललं, 'तू वक्ता आहेस, तू बोल.' मी तोंड उघडलं तर आत काहीच नव्हतं. 'पाणी हे जीवन आहे' असं काहीतरी पुटपुटलो. तेव्हा माणदेशातला एक पोरगा पुढं आला, जो जन्मात कधी स्टेजवर चढला नव्हता. तो म्हणाला, "सर, टाकी भरलेली आहे, व्हॉल्व्ह बंद आहे, किल्ली शिपायाकडं आहे आणि शिपाई रजेवर आहे. तुम्ही फोन करा, आम्ही जाऊन किल्ली आणतो." पाऊण तासात पाणी आलं. दोनच वाक्यं. त्या पोराला नेतृत्व कुणी शिकवलं होतं?

"थांब, थांब," वकील म्हणाले. "स्पर्धांना एवढं झोडपू नका. मी कोयनेच्या खोऱ्यातला. आमच्या घरात पोरानं थोरल्यांपुढं बोलायचं म्हणजे 'हो' नाहीतर 'नाही', तिसरा शब्द नाही. पाचवीत गुरुजींनी भाषण लिहून दिलं, पाठ करून घेतलं आणि चारशे माणसांपुढं उभं केलं. 'किंबहुना' हा शब्द मला त्या कागदावर पहिल्यांदा भेटला. माझ्या घरात ती भाषा नव्हतीच. ज्याच्या घरी पुस्तकं आहेत त्यानं पाठांतराला नावं ठेवणं सोपं आहे. मला कोर्टात उभं राहायचं बळ त्या दहा रुपयांच्या बक्षिसानं दिलं."

यावर मास्तरही गप्प झाले. वकिलांचं म्हणणं खोटं नाही, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. प्रमाण भाषा कानावर न पडलेल्या पोराला आधी कुणीतरी शब्द द्यावे लागतात आणि चांगलं गद्य पाठ केल्यानं ते मिळतात. माझी तक्रार पुढची आहे. पोराला शब्द दिल्यावर 'आता तुझं सांग' असं कुणी म्हणत नाही. दहावीपर्यंत दुसऱ्याचंच बोलायचं आणि अकरावीला अचानक 'स्वतःचं मत मांडा'. ते कुठून मांडणार?

मास्तरांनी मग ७ नोव्हेंबरचं काढलं. १९०० साली त्या तारखेला बाबासाहेबांचं नाव इथल्याच, राजवाड्यातल्या सरकारी शाळेत घातलं. म्हणून तो राज्यभर विद्यार्थी दिवस. "दरवर्षी त्या दिवशी भाषणं असतात. गेल्या वर्षी माझ्याकडं परीक्षण होतं. चौदा पोरं बोलली, त्यातल्या नऊ जणांचं भाषण एकच, मोबाइलवरनं उतरवलेलं. स्वल्पविरामही तोच. ज्या माणसानं 'मूकनायक' पाक्षिक काढलं, त्याच्या नावानं आपण पोरांना दुसऱ्याची वाक्यं बोलायला लावतो. मला तिथं बसवेना."

ताई बँकेत आहे आणि वाचते खूप. ती म्हणाली, "गांधीजींचं बघा ना. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, पहिली केस, ममीबाईची. उलटतपासणीला उभे राहिले, डोकं गरगरलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसले आणि तीस रुपये फी परत केली. असा माणूस पुढं दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियात तिथल्या भारतीय लोकांच्या बैठकीत बोलला, आणि तेच आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण असं त्यांनी स्वतः लिहिलंय. विषय काय, तर धंद्यातली सचोटी. समोर बसलेले बहुतेक व्यापारीच! नुसतं बोलून थांबले नाहीत. आपली गाऱ्हाणी मांडायला एक मंडळ काढा, माझा वेळ मी देतो, म्हणाले. कुणाला इंग्रजी शिकायचं असेल तर शिकवतो, म्हणाले. एक न्हावी, एक कारकून आणि एक दुकानदार शिकायला तयार झाले. मला विचाराल तर त्या भाषणापेक्षा ही शिकवणी मोठी."

मला हे फार आवडलं. आपण नेतृत्व म्हटलं की माइक धरतो. 'माझा वेळ मी देतो' हे वाक्य कुठल्या क्लासच्या जाहिरातीत मी अजून वाचलेलं नाही.

पुणेकर आतापर्यंत ऐकत होता. तो आयटीत आहे, शनिवार-रविवार गावाकडं येतो. त्यानं टोस्टमास्टर्सची, म्हणजे बोलण्याचा सराव करणाऱ्या क्लबांची, पद्धत सांगितली. १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता ॲनात राल्फ स्मेडलींनी वायएमसीए या तरुणांच्या संस्थेच्या तळघरात लोकांना बोलायला शिकवण्यासाठी हे सुरू केलं, त्याला आता शंभर वर्षं झाली. "तिथं शिक्षक नसतो," पुणेकर म्हणाला. "सगळे एकमेकांचे. एक जण घड्याळ धरतो, एक जण 'अं', 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' मोजतो, एक जण भाषा बघतो. आयत्या वेळच्या विषयावर एक ते दोन मिनिटं. एक मिनिटाला हिरवं कार्ड, दीडला पिवळं, दोनला लाल. तुझं भाषण झालं की दुसरा उठून दोन-तीन मिनिटांत सांगतो, काय पोचलं आणि काय नाही. पुढच्या बैठकीत कामं बदलतात. मी पहिले दोन महिने नुसता 'अं' मोजत होतो. त्यात मी ऐकायला शिकलो."

"हे इंग्रजीवाल्यांचं," दादा म्हणाला.

"पद्धतीला कुठली आलीय भाषा? मराठीत करा."

मास्तर एकदम खुलले. त्यांच्या शाळेत शालेय मंत्रिमंडळ आहे, चिठ्ठ्या टाकून निवडलेलं. बऱ्याच शाळांत ते कागदावरच असतं. मास्तर मात्र दर शनिवारी सभा घेतात आणि स्वतः मागच्या बाकावर बसतात. तक्रार मांडायची तर तीन गोष्टी सांगायच्या: काय झालं, कुणाला त्रास होतो, आपण काय मागतोय. चौथं वाक्य बोलायचं नाही. चौथीतल्या एका पोरीनं सांगितलं, हात धुवायचा नळ उंच आहे, पहिली-दुसरीची पोरं न धुताच जेवतात, खाली एक दगड पाहिजे. आरोग्यमंत्री झालेला पोरगा म्हणाला, दगड घसरेल. मग वीस मिनिटं वाद. शेवटी विटांची पायरी ठरली आणि ती पोरांनीच रचली. "सभाध्यक्ष कोण होता ठाऊक आहे? वर्गात सगळ्यात कमी बोलणारा. त्याचं काम एवढंच, जो अजून बोलला नाही त्याला विचारायचं, 'तुझं काय?' मला त्या पोरात पुढचा सरपंच दिसतो."

आणि हे काही लांबचं नाही. पंचायतीची निवडणूक एकविसाव्या वर्षी लढवता येते. राज्यात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत. म्हणजे आजच्या सातवीतली पोरगी आठ-नऊ वर्षांत ग्रामसभेत उभी राहू शकते. तिथं तिला शेर विचारणार नाहीत, पाण्याचं विचारतील. कॉलेजच्या निवडणुका तर नव्वदच्या दशकात बंद झाल्या. आमच्या वेळी काय आणि आता काय, मतं मागायची, हरायचं आणि हरल्यावर दुसऱ्याबरोबर काम करायचं हे शिकायला पोरांना जागाच ठेवलेली नाही.

वकील म्हणाले, "तरी आवाज, उभं राहणं, नजर याला काही किंमत आहे की नाही?"

आहे. पण १८ ऑक्टोबर २०१९ ची इथली शरद पवारांची सभा आठवा. पक्षबिक्ष सोडा. ऐंशीकडं झुकलेला माणूस भर पावसात भिजत उभा राहिला आणि उमेदवार निवडताना माझी चूक झाली, असं लोकांपुढं म्हणाला. हातवाऱ्यांचं त्यात काय होतं? जे म्हणायचं ते त्याचं स्वतःचं होतं, म्हणून लोक भिजत ऐकत राहिले.

"तो पन्नास वर्षं बोलत आला होता," वकिलांनी सोडलं नाही. "सवयीनं आलेलं आहे ते." हेही खरंच. मग सवयच लावू, असं ठरलं.

रविवारी सकाळी नऊला दादाच्या गच्चीवर. गल्लीतली सात पोरं आली. पुणेकरानं लग्नपत्रिका कापून तीन कार्डं रंगवून आणली होती. विषय पोरांनीच काढायचा, कागद हातात नको, 'सन्माननीय' नको. दादाची लेक चौथी उठली. आधी नुसती उभी राहिली. मास्तरांनी आम्हाला खुणेनं गप्प बसवलं, कुणी तिला वाक्य पुरवायचं नाही. आठ-दहा सेकंद गेली असतील, दादाचा हात माझ्या मनगटावर घट्ट होता.

"खेळाच्या तासाला आम्हाला ग्राउंड मिळत नाही," ती म्हणाली. "मुलं आधी पळत जातात आणि पूर्ण ग्राउंड धरतात. आम्ही कडेला बसून गप्पा मारतो आणि सर म्हणतात, मुलींना खेळायची आवडच नाही. आम्हाला आठवड्यात दोन तास अर्धं ग्राउंड पाहिजे."

हिरवं कार्डसुद्धा वर आलं नव्हतं. समोरच्या घरातला, तिच्याच वर्गातला पोरगा बसल्या बसल्या म्हणाला, "तुम्ही मागतच नाही."

ती वळली. "मागितलं होतं. जुलैत, आम्ही चौघींनी. तू तेव्हा बॉल घेऊन पळालास."

"एकदाच मागितलं."

"मग उद्या परत मागू. तू येणार का आमच्याबरोबर सरांकडं?"

पोरगा खाली बघायला लागला. पुणेकराच्या हातात लाल कार्ड होतं, ते त्यानं वर केलंच नाही.