"गरम पाणी यायला ६ मिनिटं, अख्खी बादली वाया, वर गीझर घ्या म्हणतात" या १ स्टार रिव्ह्यूला सोलर वॉटर हीटरच्या दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर, तुम्हाला आणि घरातल्यांना त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. त्या दिवशी फोन उचलला गेला नाही त्याचंही सॉरी, थंडीत सोलरवाल्याचा फोन कसा वाजत असतो ते नाशिककरांना सांगायला नको.

पण सर ते "६ मिनिटं" तुम्ही असं लिहिलंय की वाचणाऱ्याला वाटेल आम्ही मालच खराब दिला. आमचा मुलगा चेक करायला आला तेव्हा तुम्ही त्याला मोबाईलवर वेळ लावून दाखवली, पण कुठल्या नळावर? खालच्या बाथरूमच्या बेसिनच्या. त्या नळाला जाळी आहे, पाणी फेसासारखं येतं, मिनिटाला जेमतेम २ लिटर. दुसऱ्या दिवशी पाईप परत गार झाल्यावर त्याने शेजारचा आंघोळीचा नळ सोडला तर दीड-पावणेदोन मिनिटात हात भाजेल असं पाणी आलं, हे पण तुमच्यासमोरच झालं ना? ते रिव्ह्यूमध्ये नाही आलं. तेवढंच मनाला लागलं.

आता बाकीच्यांसाठी पण सांगतो, कारण बरेच जण हेच विचारतात. टाकीत पाणी कितीही उकळतं असू दे, रात्रभर पाईपात उभं राहिलेलं गार पाणी आधी बाहेर पडणार, मगच टाकीतलं येणार, याला कुठल्याच कंपनीच्या सोलरमध्ये इलाज नाही. एक इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याच्या प्लास्टिकच्या) पाईपात मीटरला साधारण ४३० मिली पाणी मावतं, पाऊण इंचीत २६० च्या आसपास. तुमच्याकडे ३ मीटरच्या ९ लेंथ लागल्या, बिलात आहेत, म्हणजे २७ मीटर, म्हणजे साडेअकरा लिटरच्या पुढे. जाळीच्या नळाने तेवढं काढायचं म्हटलं की झाली तुमची ६ मिनिटं. बादली पण अख्खी नाही सर, २० लिटरची धरली तर अर्ध्याच्या थोडी वर.

आणि २७ मीटर आमच्या हौसेने नाही झाले. मी डक्टमधून (पाईपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतून) सरळ १४ मीटरची लाईन सांगितली होती, पाऊण इंची, त्यात पावणेचार लिटरपण राहिलं नसतं. तुम्ही म्हणालात नवीन टाईल्स फोडायच्या नाहीत, मागच्या भिंतीवरून फिरवून आणा, आणि तुमच्या पाहुण्यांनी सांगितलं म्हणून एक इंचीच हवी, जाड पाईप म्हणजे जास्त फोर्स. घर तुमचं, आम्ही तसं केलं. व्हॉट्सअॅपवर सगळं आहे, इथे टाकत नाही, बरं दिसत नाही ते.

इन्सुलेशनचे पैसे फुकट गेले असंही लिहिलंय. नाही गेले. इन्सुलेशन म्हणजे गोधडी, चूल नाही. पारा १० च्या खाली गेल्यावर (निफाडकडे तर विचारूच नका) रात्रभरात पाईप गार होणारच, पण पहिली आंघोळ झाल्यावर मागोमाग दुसरा गेला की त्याला लगेच गरम मिळतं, ते इन्सुलेशनमुळे.

गीझर विकायचा म्हणून गळ्यात मारत नव्हतो. १० लिटरचा छोटा गीझर बाथरूममध्ये, सोलरची लाईन त्याच्या इनलेटला (पाणी आत शिरतं तिथे), दहा-पंधरा मिनिटं आधी चालू करायचा. पाईपातलं गार पाणी गीझरमध्ये शिरतं, गीझरमधलं गरम नळाला येतं, तेवढ्यात मागून सोलरचं पोचतं, मग बटण बंद. दुसरा उपाय रिटर्न लाईन आणि छोटा पंप, बटण दाबलं की पाईपातलं गार पाणी परत टाकीकडे जातं, एक थेंब वाया नाही, पण त्याला दुसरी पाईप लागते आणि भिंत तर तुम्हाला फोडायची नाही. तो पंप दिवसरात्र चालू पण ठेवायचा नसतो, टाकीच गार होते.

तोपर्यंत बिनपैशाचं एक करा, सकाळी बेसिन आधी उघडू नका, आंघोळीचा नळ पूर्ण सोडा, गरम आलं की मग बेसिन, तिथे पण लगेच येईल. बादलीतलं गार पाणी वॉशिंग मशीनला चालतं.

वडिलांपासूनचं दुकान आहे सर, तुम्ही रिव्ह्यूत लिहिलेला "गंडवलं" हा शब्द आमच्या बोर्डाखाली कधी कोणी लिहिला नव्हता. असो. यापुढे पाईप किती लांब आणि पाणी किती वेळात येईल ते क्वोटेशनवरच लिहून द्यायचं बघतो, फोनचं पण काहीतरी करतो. मुलाला परत पाठवतो, बेसिनची जाळी काढून साफ करून देईल, त्याचे पैसे नाहीत. फक्त सकाळी ९ नंतर बोलवा, आधी तो टेरेसवर असतो, आणि रविवारी बंद.