फौजीच्या पोरानं रडायचं नाही?

डोकं फिरलंय आज. शेजारच्या वहिनींबरोबर त्यांच्या मुलाच्या शाळेत गेले होते. पोरगं तिसरीत. वडील फिल्ड पोस्टिंगला, दिवाळीलाही सुट्टी मिळाली नाही. हल्ली हा वर्गात मारामारी करतो आणि मग रडत बसतो. मॅडम सगळ्यांदेखत त्याला म्हणाल्या, "फौजी का बेटा होकर रोता है?" पोरानं ओठ आवळून मान खाली घातली. वहिनी गप्प. मग मीच बोलले, आणि चांगलं चढ्या आवाजात बोलले.

का नाही रडायचं त्यानं? शपथ बापानं घेतलीय, आठ वर्षांच्या पोरानं नाही.

संसदेवर १३ डिसेंबर २००१ ला हल्ला झाला आणि माझे बाबा राजस्थानच्या सीमेवर गेले. ऑपरेशन पराक्रम. ऑक्टोबर २००२ पर्यंत फौज तिथंच तळ ठोकून होती. युद्ध झालं नाही, म्हणून लोक विसरले. आम्ही इंदूरला आजोळी, रामबागेत. ५६ एपीओच्या, म्हणजे फौजेच्या टपालाच्या पत्त्यावर इनलँड लिहायचो. कधी फोन आलाच तर आई एवढंच सांगायची, "इकडे सगळं ठीक आहे." भाऊ टायफॉइडनं अंथरुणाला खिळला होता तेव्हाही हेच.

मग बाबा आले. पहाटे उठायचं, अंथरुणाच्या घड्या घालायच्या, जेवताना टीव्ही बंद! भाऊ तेव्हा पाच-सहा वर्षांचा. दोन-तीन दिवसांतच त्यानं स्वयंपाकघरात आईला विचारलं, "हे परत कधी जाणार?" बाबा तिथेच मोरीत गळक्या नळाचा वायसर बदलत होते. त्यांनी ऐकलं. वर पाहिलं नाही, पाना फिरवतच राहिले. नळ कधीच बंद झाला होता.

जाणं सगळ्यांना दिसतं हो, स्टेशनवर रडारडही होते. परत येणं जास्त अवघड असतं. बँक, गॅस, शाळेची फी, आजारपण सगळं आई एकटीनं निभावते, आणि त्याच्यावाचून चालायला शिकलेल्या घरात हा माणूस सुट्टीपुरता बाप व्हायला येतो. हुकूम सोडतो, कारण त्याला तेवढंच येतं. पोरं बिथरतात. रुळायला लागतात तोवर सुट्टी संपते.

हो, पगार, पेन्शन, कँटीन आहे. ट्रकवाले, जहाजावरचे बापही महिनोन्महिने घरी नसतात, मान्य. पण त्यांच्या पोरांना कुणी वर्गात उभं करून शौर्य दाखव म्हणत नाही. आणि 'आता व्हिडिओ कॉल आहे ना' म्हणणाऱ्यांनो, पुढच्या चौकीवर रेंज नसते. २०२५ च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या वेळी, आपण सगळे टीव्हीला चिकटलो होतो, तेव्हा या वहिनींनी मुलाला बातम्यांच्या पट्ट्या वाचता येतात म्हणून टीव्हीची वायर काढून कपाटात ठेवली होती.

मॅडमवरचा राग आता थोडा उतरलाय. वर्गात पन्नास पोरं सांभाळायची म्हणजे सोपं नाही.

पण त्या नळाचं अजून डोक्यातून जात नाही. बाबा आणि भाऊ आज एकाच घरात राहतात. बोलतात ते 'नर्मदेचं पाणी आलं का, मोटर लावली का' इतपतच. भांडण कधीच झालं नाही. भांडण्याइतकी ओळखच झाली नाही दोघांची. आईनं तेव्हा भावाला एक धपाटा घातला, "असं बोलतात का बाबांना?" म्हणाली, आणि विषय संपला. संपायला नको होता. बाबांनी पाना ठेवून त्याला जवळ घ्यायला हवं होतं, पण हे त्यांना कोण शिकवणार?

वहिनींचे यजमान पुढच्या महिन्यात येताहेत. कॉलनीतल्या मंडळींना हात जोडून सांगते, सत्कार, जेवणावळी पहिल्या आठवड्यात ठेवू नका. बापलेकांना घरात राहू द्या. आणि पोरगं त्याच्यावर चिडलं, रडलं, तर मधे कुणी पडू नका.