स्टारेविच यांचे भुंगेरे आणि नवऱ्याची क्षमा

स्टॉप-मोशनच्या, म्हणजे निर्जीव वस्तू किंचित हलवत एकेक चौकट टिपून त्या हलत असल्याचा भास निर्माण करणाऱ्या तंत्राच्या, इतिहासात चित्रपट दिग्दर्शक व्लादिस्लाव स्टारेविच यांचे नाव निघाले की ‘मेलेल्या कीटकांकडून अभिनय करवून घेणारा अवलिया’ एवढ्यावरच त्यांची बोळवण होते, आणि हा मला त्यांच्यावर झालेला अन्याय वाटतो.

कोव्हनो, म्हणजे आजच्या लिथुआनियातील काउनस, येथे असताना त्यांना शिंगांसारखे जबडे असलेल्या भुंगेऱ्यांची झुंज चित्रित करायची होती. परंतु ते निशाचर जीव दिव्यांच्या प्रखर उजेडात निपचित पडत. तेव्हा त्यांनी मृत भुंगेऱ्यांच्या पायांच्या जागी मेणाने तारा बसवल्या आणि एकेक चौकट टिपत १९१० मध्ये ती झुंज पडद्यावर आणली. (आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच थांबून थांबून टिपली होती.)

ही कारागिरी खरी फळाला आली ती मॉस्कोत, १९१२ च्या ‘द कॅमेरामन्स रिव्हेंज’ या मूकपटात. श्रीयुत भुंगेरे शहरात जाऊन चतुर (ड्रॅगनफ्लाय) जातीच्या एका नर्तकीच्या नादी लागतात. तिच्यावर जीव असलेला नाकतोडा नेमका कॅमेरामन असतो आणि तो हॉटेलच्या खोलीच्या दाराला असलेल्या किल्लीच्या भोकातून दोघांना चित्रित करतो. इकडे घरी सौ. भुंगेरे एका चित्रकारात रमलेल्या असतात. नवरा परततो, चित्रकाराला पळवून लावतो, त्याने दिलेले चित्र बायकोच्या डोक्यात हाणतो आणि मग तिला क्षमा करून सिनेमाला घेऊन जातो. तिथे पडद्यावर दिसते ते त्याचेच प्रकरण!

मला या चित्रपटाचे मर्म त्या क्षमेत दिसते. ज्याने स्वतः तोच अपराध केला आहे, तो न्यायाधीशाच्या आसनावर बसतो, आणि ते त्याला क्षणभरही विचित्र वाटत नाही. मानवी नटाने हे केले असते तर त्याच्या मुद्रेवरची शरम किंवा लबाडी पाहून आपण त्याला थोडेफार समजून घेतले असते. भुंगेऱ्याचे कवच मात्र कोणताही भाव दाखवत नाही, त्यामुळे पाय, मिशा आणि अंगाचा डौल यांतून निव्वळ वर्तन समोर येते आणि त्या वर्तनाला कोणतीही सबब उरत नाही. कीटकांची निवड ही चमत्कृती नसून आशयाची गरज होती, असे मी म्हणतो ते यामुळेच.

जेमतेम बारा-तेरा मिनिटांचा हा मूकपट पाहताना नाकतोड्याकडेही लक्ष द्यावे. त्याचा कॅमेरा खरे तेच दाखवतो, परंतु ते दाखवण्यामागे मत्सर आहे, आणि स्टारेविच यांनी स्वतःच्या व्यवसायालाही या टीकेतून वगळलेले नाही.