सेरेसच्या हातातलं पीक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सोळाव्या शतकातल्या नेदरलँड्समधल्या छापील चित्रांत दिसणाऱ्या सेरेसवर, म्हणजे रोमन पुराणातल्या धान्यदेवीवर, मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं की, सेरेस ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली शोभेची बाई, तिच्या डोक्यावरच्या कणसांत मी उगाच शेती शोधतो आणि राबणारा शेतकरी या चित्रांत कुठेच नसतो. यातला शेवटचा आक्षेप वजनदार आहे, त्याकडे नंतर येतो.

दिवाणखान्याचं म्हणाल तर ही तैलचित्रं नव्हेत. तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं, शाई भरायची आणि कागदावर छापायचं. एका पत्र्यातून शेकड्यांनी प्रती निघत. राजवाड्याबाहेरचे लोकही त्या विकत घेत.

आता शोभेचं. अशी चित्रं कोरणारा कलावंत हेंड्रिक गोल्ट्झियस १५७७ साली नेदरलँड्समधल्या हार्लेम शहरात आला. त्याच्या चारच वर्षं आधी, १५७३ च्या जुलैत, हे शहर स्पॅनिश फौजेला शरण गेलं होतं. सात महिन्यांच्या वेढ्यात धान्य संपलं आणि उपासमारीने शहराचा कणा मोडला. या गावात पुढे गोल्ट्झियस 'सेरेस आणि बॅकस नसतील तर व्हीनस गारठते' हे रोमन नाटककार टेरेन्सचं वचन पुन्हा पुन्हा चितारत राहिला. बॅकस मद्याचा देव, व्हीनस प्रेमाची देवी; म्हणजे खाणंपिणं नसेल तर प्रेम थंडावतं. (आपल्याकडे 'आधी पोटोबा, मग विठोबा' म्हणतात, इथे विठोबाच्या जागी प्रेम आहे, इतकंच.) भुकेची आठवण ताजी असलेल्या माणसांना त्या कणसांत नुसती नक्षी दिसली असेल, हे मला पटत नाही. हार्लेमच्या बीअरवाल्यांनाही हा विषय प्रिय असावा, असं काही अभ्यासक मानतात. बीअर धान्याचीच, त्यामुळे तर्क बरा आहे. पण माझा मुद्दा त्यावर उभा नाही.

आणि सेरेस एवढी गोडही नाही. रोमन कवी ऑव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस' या काव्यात मुलगी पळवली गेल्यावर ती सिसिलीतले नांगर मोडते, बैल आणि शेतकरी दोघांनाही मारते, बियाणं नासवते. लॅटिन शाळेत ऑव्हिड घोकलेल्या गिऱ्हाइकाला ही कथा ठाऊक होती. देणारा हात आखडताही घेतो, हे ठाऊक असलेला माणूस ते चित्र बघत होता.

आता शेतकरी. गोल्ट्झियसच्या रचनेवरून यान सानरेडाम या कोरक्याने १५९६ साली कोरलेल्या चित्रात शेतकरी सेरेसला वंदन करतात. ते भाविक आहेत, राबताना दिसत नाहीत. इथे तुमचा आक्षेप मला मान्य आहे.

पण तो सगळ्यांना लावू नका. त्याच काळातल्या पीटर ब्रूगेल या चित्रकाराचा 'उन्हाळा' बघा. रेखाटन १५६८ चं, छापील चित्र १५७० चं. त्यात सेरेस नाहीच. गव्हाची कापणी चालली आहे, एक बाई डोक्यावर भाजीची टोपली घेऊन निघाली आहे आणि टोपलीने तिचा चेहरा पार झाकलाय. पुढे एक गडी मडकं तोंडाला लावून ढसाढसा पितोय. त्याचा पाय आणि लांब दांड्याचा विळा चौकटीबाहेर आले आहेत. पुराणात देवीला मिळणारी जागा, तो आकार, ते वजन इथे या घामेजलेल्या माणसाला मिळालंय. आणि हे कधी, तर १५६५-६६ च्या धान्यटंचाईनंतर दोन वर्षांनी.

ऋतूंची ही मालिका ब्रूगेलच्या हातून पुरी झाली नाही, १५६९ मध्ये तो गेला. उरलेले दोन ऋतू हान्स बोल या दुसऱ्या चित्रकाराने रेखाटले. त्यांच्यावर सवडीने लिहीन, तेव्हाही भांडायला या.